सामा आजीचा पांढरा खडा

सतरा हात वर गेले आणि एक खाली राहिला. खाली राहिलेला हात माझा. विहार समितीची बैठक होती आणि ठराव असा होता की, वर्षावासातल्या या रविवारची जातककथा उरकुडा मामांनी, म्हणजे मी, लिहून आणावी आणि स्वतः वाचून दाखवावी. मी म्हणालो, मला जमणार नाही. तर अध्यक्षांनी मला ऐकवलं की सगळ्यांना आनंद होतोय, तुमचं एकट्याचं काय जातंय. एकट्याचं काय जातंय हे विचारायची त्यांची पद्धत मला जुनी माहीत आहे. त्याबद्दल शेवटी बोलेन.

मी तिसरी शिकलो. नंतर एक्केचाळीस वर्षं विहिरी खणल्या. माझा हात पहारीचा, पेनाचा नाही. एरवी शाळेतले गुरुजी कथा वाचतात तेव्हा अर्धी मंडळी डुलक्या घेतात. ज्याला डुलकी घ्यायची आहे त्याने आत्ताच उठून बाहेर चपलांपाशी बसावं. ही गोष्ट मला एका म्हाताऱ्या भंतेंनी सांगितली होती. मी या विहाराची विहीर खणत होतो आणि ते काठावर बसले होते. ती पुस्तकात शोधायला जाऊ नका.

तथागत तेव्हा वेळूच्या बनातल्या एका विहारात राहत होते. तिथे साठ भिक्षू होते. त्यातला सोपाल नावाचा एक म्हातारा भिक्षू खोकल्याने आजारी पडला. सगळे ध्यानाला बसले की याचा खोकला सुरू. विमलसेन नावाचा एक हुशार भिक्षू म्हणाला, "याला बाहेर ठेवलं तर एकाला त्रास. आत ठेवलं तर एकोणसाठ जणांना त्रास. यात विचार करण्यासारखं काय आहे?" विहारातले वडील स्थविर होते, त्यांनी मान डोलावली. मग सोपालाला उचलून लाकडं ठेवायच्या पडवीत नेलं. तिचं छप्पर गळत होतं, पण ध्यान छान लागायला लागलं.

तथागत भिक्षा घेऊन परत आले ते सरळ त्या पडवीत गेले. त्यांनी विचारलं, "सोपाल, कसं आहे?"

"बरं आहे, भंते. आज खोकला कालच्यापेक्षा कमी आला."

तथागतांनी त्याच्या अंगाखालचं ओलं गवत काढून कोरडं घातलं, त्याला पाणी पाजलं आणि सगळ्या भिक्षूंना तिथेच, त्या लाकडांमध्ये, बोलावून घेतलं. म्हणाले, "हा स्वतः बरं आहे म्हणतोय, म्हणून तुम्हाला हायसं वाटलं असेल. मागच्या एका जन्मातही तुम्हाला असंच हायसं वाटलं होतं." आणि त्यांनी ही कथा सांगितली.

पूर्वी धान्यवती नगरात प्रसन्नसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका विहीर खणणाऱ्याच्या घरी जन्मला. हरीण नाही, हत्ती नाही, सावकार नाही. हाताला घट्टे पडलेला माणूस. त्याचं नाव उदपाल. जमिनीला कान लावला की पाणी कुठून कुठे चाललंय ते त्याला कळायचं. हसू नका, थोडंफार मलाही कळायचं.

राजा मनाने वाईट नव्हता. आपली प्रजा सुखी असावी असं त्याला खरोखर वाटायचं. पण कोण सुखी आहे आणि कोण नाही, हे महालात बसून कळायचं कसं? त्याचा अमात्य होता नीतिधर. तो खोटं बोलत नसे, लाच खात नसे, कोणावर ओरडत नसे. अशा माणसाशी भांडणं फार अवघड असतं. त्याने तोड काढली. चौकात एक पुरुषभर उंचीचा रांजण बसवला. शेजारी दोन टोपल्या ठेवल्या, एकीत पांढरे खडे, एकीत काळे. सूर्य मावळताना घरागणिक एकाने यायचं, दिवस सुखात गेला असेल तर पांढरा खडा टाकायचा आणि दुःखात गेला असेल तर काळा. कोणी कोणता टाकला ते कोणी बघायचं नाही. मग शिपाई रांजण कलता करून खडे मोजायचे आणि ढोल वाजवून आकडा सांगायचे.

नगरात दोन हजार घरं होती. पूर्वेच्या वेशीबाहेर, उतारावर, कुंभारवाडी होती, तिथे एकतीस घरं. त्यांनीही खडे टाकायचे. तसा नियमच होता, सगळ्यांना सारखा.

खरं ते सांगतो, सुरुवातीला रांजणाने चांगलंही केलं. एका वर्षी धान्य महागलं, काळे खडे वाढले, राजाने कोठारं उघडली. लोक राजाला दुवा द्यायला लागले. त्यामुळे राजाला वाटलं, आपल्याला किल्ली सापडली. मग प्रत्येक गोष्ट रांजणाला विचारून व्हायला लागली. रस्ता कुठून न्यायचा, सण किती दिवस करायचा, सगळं. रांजण पांढरा दिसला की राजा जेवायचा. लोकांच्या तोंडाकडे बघणं त्याने सोडून दिलं.

एका उन्हाळ्यात नगरातल्या लोकांना वाटायला लागलं की आपल्याला पोहायला एक मोठी पुष्करणी असावी. नीतिधराने उदपालाला बोलावून वेशीजवळची जागा दाखवली.

"इथे खण. सणाला चार महिने आहेत. त्याआधी पाणी हवं."

उदपालाने पहार मारून पाहिली, वाकून कान लावला आणि उठला. "पाणी आहे. पण हे पाणी कुंभारवाडीच्या विहिरीत जातं. इथे खणलं तर खाली एक थेंब उतरणार नाही."

"किती घरं आहेत तिथे?"

"एकतीस."

"आणि नगरात दोन हजार. पुष्करणी झाली तर दोन हजार पांढरे आणि एकतीस काळे. तूच सांग, कोणतं बरं?"

"दोनशे पावलं वर सरका. तिथे दुसरा झरा आहे."

"तिथे कातळ आहे."

"आहे. दोन वर्षं लागतील."

"एकतीस घरांसाठी दोन हजार घरांना दोन वर्षं ताटकळत ठेवू म्हणतोस?"

उदपाल म्हणाला, "त्या एकतीस घरांना विचारलंय का, अमात्य?"

"रोज संध्याकाळी विचारतो. खडा टाकायला त्यांना कोणी अडवलंय?"

नीतिधर हे कुत्सितपणे बोलला नाही. त्याला तसंच वाटत होतं. मग त्याने सोन्याचं एक कडं काढून पुढे केलं. उदपाल म्हणाला, "कडं घालून पहार चालत नाही," आणि पहार खांद्यावर टाकून निघाला.

पण त्याच्या हाताखाली बारा माणसं होती. त्यांचा पुढारी मलक. तो त्याच्या मागे धावत आला.

"दादा, तू नाही म्हणालास म्हणजे आम्हा बाराजणांच्या चुली बंद. तू एकटा ताठ मानेने फिरशील, आणि आम्ही बारा घरं उपाशी. आता मोज ना तूच."

"मलक, तू मला आकड्यात धरू नकोस. उद्या कोणी तुला धरेल."

"उद्याचं उद्या बघू," मलक म्हणाला, आणि परत गेला. त्या बाराजणांनी पुष्करणी खणली. चांगली खणली. त्यांना कोणी शिकवलं होतं? यानेच.

पुष्करणीत पाणी आलं आणि नवव्या दिवशी कुंभारवाडीची विहीर कोरडी पडली. त्या संध्याकाळी शिपायांनी रांजण कलता केला. पांढऱ्यांचा ढीग, आणि बाजूला एकतीस काळे. नीतिधराने ते एकतीस खडे एका ओंजळीत उचलून राजाला दाखवले. राजा थोडा अस्वस्थ झाला. मग त्याने ढिगाकडे पाहिलं आणि तो जेवायला गेला.

उदपाल आपलं बिऱ्हाड उचलून कुंभारवाडीत राहायला गेला. सामा नावाची एक एकटी म्हातारी होती, तिने आपल्या ओट्यावर त्याला जागा दिली. सामा आजीच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "विहीर खणणारा आलाय पाहुणा, आणि प्यायला देऊ काय त्याला? बैस. माती पुष्कळ आहे."

उदपाल रोज त्या कोरड्या विहिरीत उतरायचा आणि एकटा खोल खणायचा. दिवसाकाठी दोन घागरी गढूळ पाणी निघायचं. एकतीस घरांना दोन घागरी. बाकीचं पाणी नदीवरून, एक कोस लांबून. जाताना उतार, येताना भरल्या घागरीसकट चढ. आणि कुंभाराला नुसतं प्यायला पाणी लागत नाही, माती मळायला लागतं. पाणी नाही म्हणजे चाक नाही. चाक नाही म्हणजे पोट नाही.

पहिल्यांदा नऊ घरं गेली. नातेवाइकांकडे, दुसऱ्या गावी, जिथे वाट फुटेल तिथे. संध्याकाळी रांजणात काळे खडे बावीस. ढोलवाल्याने ओरडून सांगितलं, नगराचं दुःख तिसऱ्या हिश्शाने कमी झालं. राजाने ढोलवाल्याला शेला दिला.

मग आठ घरं गेली. मग नऊ.

गोपक नावाचा एक म्हातारा कुंभार भर उन्हात नदीवरून येताना चढावर बसला तो उठलाच नाही. घागर शेजारी नीट ठेवलेली होती, सांडली नव्हती. त्याची बायको भावाकडे निघून गेली आणि त्या घराचा काळा खडा कमी झाला. त्या संध्याकाळी ढोल जरा जास्तच वाजला.

आता मी इथे थांबतो आणि विचारतो. मेलेला माणूस खडा टाकायला येतो का? घर सोडून गेलेला येतो का? एवढी साधी गोष्ट. दोन हजार घरांत शहाणीसुरती माणसं होती, वेद शिकलेली होती, व्यापार करणारी होती. एकाच्याही डोक्यात आली नाही. कारण ढोल चांगला वाजत होता.

असं करता करता कुंभारवाडीत एकटी सामा आजी उरली. आणि एका संध्याकाळी शिपायांनी रांजण कलता केला तर काळा खडा एकही नाही. शिपायांनी हात घालून तळ चाचपला. नाहीच. नीतिधराने स्वतः पुन्हा मोजून घेतले. मग दवंडी पिटली की धान्यवती नगरातलं दुःख संपलं, उद्या महाराज पुष्करणीत मंगलस्नान करतील.

सामा आजी चौकातून घरी आली तेव्हा उदपाल ओट्यावर पाय धूत होता, म्हणजे पायाला ओला फडका लावत होता. त्याने विचारलं, "आजी, आज तुझाही खडा पांढरा?"

"हो. पांढरा टाकला."

"का?"

"आज घागर फुटली नाही. काल ठेच लागून फुटली, अर्ध्या वाटेवर, पुन्हा मागे जावं लागलं. आज घरापर्यंत आली. मला बरं वाटलं. म्हटलं, बरं वाटलं तर बरं वाटलं म्हणावं, खोटं कशाला बोलायचं?"

उदपालाने पहार उचलली आणि तो अंधारातच विहिरीत उतरला.

आता काही लोक सांगतात की बोधिसत्त्वाला राग येत नाही. मी भंतेंना हेच विचारलं होतं, खड्ड्यातूनच, पहार थांबवून. भंते म्हणाले, त्याला राग आला, पण त्या रागाला त्याने कोणाच्या अंगावर सोडलं नाही, कामाला लावलं. मला ते पटलं. ज्या माणसाला हे ऐकून राग येत नाही, त्याच्या शांतपणाचं मला काही कौतुक नाही. दगडही शांतच असतो, मी आयुष्यभर फोडलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं नगर पुष्करणीच्या पायऱ्यांवर जमलं. रीत अशी होती की मंगलस्नानाचं पहिलं पाणी कुंभारवाडीतल्या नव्या कोऱ्या घागरीतून राजाच्या डोक्यावर घालायचं. शिपाई घागर आणायला गेला आणि हात हलवत परत आला. म्हणाला, "महाराज, तिथे कोणी नाही. दारांना बाहेरून कड्या आहेत. चाकं उपडी पडलीत. एक म्हातारी आहे आणि हा माणूस." मागे उदपाल उभा होता, आणि उदपालाच्या मागे सामा आजी.

गर्दीतला एक सावकार म्हणाला, "अरे, कुंभार गेले तर मडकी कोण करणार? त्यांना काहीतरी पाणी द्यायलाच हवं होतं. आपलंच नुकसान आहे."

दुसरेही माना डोलवायला लागले. हो, हो, मडकी लागतात.

उदपाल त्या सावकाराकडे वळला. "घागर मिळाली नाही म्हणून तुम्हाला ती माणसं आठवली. त्यांना एक मडकं करता येत नसतं, दिवसभर नुसती ओट्यावर बसून राहत असती, तर? तर त्यांना तहान लागली नसती?"

नीतिधर पुढे झाला. "उदपाला, मंगलस्नानाच्या वेळी तमाशा नको. काल एकही काळा खडा नव्हता. तुझ्या शेजारी उभी आहे तिनेही पांढराच टाकला असणार. विचार तिला."

"टाकला," सामा आजी म्हणाली. "चुकलं का काही?"

उदपालाने राजाला हात जोडले. "महाराज, काल टाकलेले खडे चौकात पडलेत. दोन हजार पांढरे. त्यातला या म्हातारीचा कोणता, तेवढा मला उचलून दाखवा."

राजा म्हणाला, "सगळे सारखेच आहेत. कसा ओळखणार?"

"कोणाचा पोपट बोलायला लागला, त्याने पांढरा टाकला. कोणाच्या सुनेने खीर चांगली केली, त्याने पांढरा टाकला. हिची घागर फुटली नाही, हिने पांढरा टाकला. महाराज, तुम्ही रोज हे पाहून जेवता. एक दिवस तिच्याबरोबर पाण्याला जा. परत आल्यावर मी काही बोलणार नाही."

लोक हसले. नीतिधरही हसला. राजा हसला नाही. सांगितलं ना, मनाने वाईट नव्हता. तो पायऱ्या चढून वर आला. सामा आजीने त्याला शेजारघरची एक जुनी घागर दिली आणि डोक्यावर ठेवायला चिंध्यांची चुंबळ दिली. म्हणाली, "मुकुट काढ, महाराज. मुकुटावर घागर बसत नाही."

ऊन चढत होतं. जाताना उतार होता, राजा गप्पा मारत गेला. येताना त्याच्या गप्पा संपल्या. गोपक जिथे बसला होता त्या चढावर सामा आजीने जागा दाखवली, फक्त बोटाने. राजाची घागर दोनदा हिंदकळली. तिसऱ्यांदा अर्धी सांडली. सामा आजी पुढून मागे न बघता म्हणाली, "सांडलं ते तुझ्या वाटचं. माझ्यातलं मागू नकोस."

ओट्याशी पोचेपर्यंत राजाच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. त्याने घागर उतरवली, ओंजळ भरली आणि प्यायला. आणि बघा, त्याला असं सुख झालं की तसं जन्मात झालं नव्हतं. महालात नाही, पुष्करणीत नाही, राज्याभिषेकाच्या दिवशी नाही. त्याने डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळी सगळं नगर चौकात जमलं. राजवाड्याचा खडा राजा स्वतः टाकायला आला. त्याचा हात आपोआप पांढऱ्या टोपलीत गेला. खडा उचलला, रांजणावर धरला, आणि तो हात तिथेच राहिला.

"उदपाला," तो म्हणाला, "मी खोटं बोलत नाहीये. मला आज खरंच सुख झालं."

"खोटं नाहीच, महाराज. तिलाही काल खरंच झालं."

"मग हा रांजण मला इतके दिवस काय सांगत होता?"

"तहानलेल्याला पाणी मिळालं, एवढंच. त्याला तहान कोणी लावली, ते रांजण सांगत नाही."

राजाने मूठ मिटली. मग तो नीतिधराला म्हणाला, "उद्या पुष्करणी बुजवा. झरा खाली जाऊ दे."

नीतिधराचा चेहरा पडला. तो घाबरला नव्हता, त्याला मनापासून वाईट वाटत होतं. "महाराज, दोन हजार घरं दुःखी होतील, एका म्हातारीसाठी. उद्या रांजण काळा होईल. मी आजवर एकही खडा चुकीचा मोजलेला नाही."

उदपाल म्हणाला, "नाही मोजलात. पण अमात्य, तुम्ही दोन हजार दुःखांची रास करता. ती रास कोणाच्या डोक्यावर असते, सांगा. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वाटचं एक दुःख होणार, आणि ते पोहायला न मिळण्याएवढंच असणार. त्याच्यावर शेजाऱ्याचं येऊन बसत नाही. रास फक्त तुमच्या चौकात होते. आणि गोपकाचं जे झालं ते सगळंच्या सगळं एकट्या गोपकाला झालं."

नीतिधर खाली बसला आणि चौकातले खडे पुन्हा मोजायला लागला.

दुसऱ्या दिवशी खरंच दोन हजार काळे खडे पडले. राजा त्या दिवशी जेवला नाही, पण त्याने हुकूमही मागे घेतला नाही. उदपाल एकटाच पुष्करणीत उतरला आणि दगड-चिकणमाती टाकून ती बुजवायला लागला. लोक काठावर जमले. शिव्या दिल्या, तेवढ्याने भागलं नाही तेव्हा टोपलीतले काळे खडे आणून मारले. एक कपाळाला लागला, रक्त डोळ्यात उतरलं. भंते म्हणाले, तो शांतपणे काम करत राहिला. मी विचारलं, अगदी शांतपणे? भंते म्हणाले, हात शांत होते.

दुपारी मलक एक घमेलं घेऊन खाली उतरला. उदपालाच्या हातून दगड घेतला आणि रचला. संध्याकाळपर्यंत बाकीचे अकराही उतरले होते. आपण खणलेलं आपल्या हातांनी बुजवायचं, याच्यासारखी लाज नाही. पण ती त्यांनी पत्करली, एवढं त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

सतराव्या दिवशी झऱ्याने जुनी वाट धरली. सामा आजी विहिरीत डोकावली, घागर सोडली, वर ओढली, चाखली. म्हणाली, "गढूळ आहे." मग तिथेच बसली, आणि बराच वेळ उठली नाही.

राजाने निघून गेलेल्यांना निरोप धाडले. तीस घरं गेली होती, अठरा परत आली. बारा आली नाहीत. गोपकाचं दार उघडलं नाही. राजा चांगला झाला म्हणून माणूस उठून येत नाही, हे ज्यांना गोष्टीचा शेवट गोड लागतो त्यांनी लक्षात ठेवावं.

रांजणाचं काय करायचं, असं राजाने विचारलं. सामा आजी म्हणाली, "तो माझ्याच भट्टीतला आहे. मला वाटलं होतं तुम्ही पाणी भराल त्यात." रांजण कुंभारवाडीच्या वाटेवर आणून ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्यातलं पाणी मिळायला लागलं. नगरासाठी दोनशे पावलं वर कातळ फोडून उदपालाने आणि त्या बाराजणांनी पुष्करणी खणली. अडीच वर्षं लागली. लोक पोहले. मधल्या अडीच वर्षांत न पोहल्यामुळे कोणी मेलं नाही.

एवढं सांगून तथागतांनी सांधा जोडला. "तेव्हाचा अमात्य नीतिधर म्हणजे आत्ताचा विमलसेन. तेव्हाचा राजा म्हणजे या विहारातले मान डोलावणारे स्थविर. पुष्करणी खणून मग बुजवणारे ते बाराजण आणि काठावरचे लोक म्हणजे तुम्ही सगळे, कोण कोण ते ज्याचं त्याने ओळखावं. सामा म्हणजे हा सोपाल, ज्याला आज खोकला कमी आला. आणि उदपाल मी होतो." स्थविरांनी स्वतः सोपालाला उचललं आणि आत, आपल्या जागेवर, नेऊन निजवलं. विमलसेनाने रात्रीचं पाणी गरम करायचं काम मागून घेतलं.

या कथेतली पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वाने जन्मोजन्मी जोपासलेला गुण, मैत्री. मैत्री राशीवर करता येत नाही. ती एकेका माणसावर करायची असते, त्याचं नाव घेऊन, त्याच्या दारात जाऊन.

गोष्ट संपली. आता शेवटी बोलेन म्हणालो होतो ते.

दोन वर्षांपूर्वी विजयादशमीला विहाराचा भोंगा माझ्या खिडकीसमोर बांधला होता. आत माझी बायको, कौसल्या, शेवटच्या आजारात पडून होती. मी समितीकडे गेलो आणि म्हणालो, भोंग्याचं तोंड फक्त रस्त्याकडे फिरवा, बंद करू नका. अध्यक्ष म्हणाले, "मामा, एका घरासाठी शंभर घरांचा आनंद घालवायचा का?" आणि हात वर करायला लावले. मी घरी आलो. कौसल्या म्हणाली, राहू द्या, त्यातलं एक गाणं बरं होतं. चार दिवसांनी ती गेली.

त्यानंतर मला पुष्कळ गोष्टी मिळाल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला, आज ही कथा वाचायचा मान मिळाला, सतरा हातांनी. जे एक मागितलं नव्हतं पण यायला हवं होतं, ते आलं नाही. दार माझं उघडं असतं. यायला सतरा हात लागत नाहीत, एक माणूस लागतो. तो इथे पहिल्या रांगेत बसलाय आणि मघापासून चष्मा पुसतोय.

अध्यक्ष, यशवंत भैसारे.